थोडं वर

१

आधीच सांगतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या घरात कुणी ठेवत नाही. बायको होती तेव्हा मी आणलेली साखर आधी जिभेवर ठेवून बघायची, मगच डब्यात ओतायची. मुलगा आता पन्नाशीला आला, पण अजून बुटात आधी हात घालून बघतो आणि मगच पाय घालतो. कारण लहानपणी त्यात मी काय काय ठेवलंय ते त्याला माहीत आहे. सत्तरी उलटली तरी खोड काही गेली नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

लिहिणं हे माझं काम नव्हे. चौथीत शाळा सुटली. अक्षरं सुटी सुटी ओळखतो, पण ती एकमेकांचा हात धरून उभी राहिली की माझी धांदल उडते. बोलायला सांगा, दिवसभर बोलेन. पण उजवा कान गेल्यापासून मला माझाच आवाज कळत नाही. मी कुजबुजलो तरी तीन घरं ऐकतात, असं सून म्हणते. आणि ही गोष्ट नातीनं ऐकायला नको. म्हणून लिहितोय. चुका काढू नका.

मी पियानो लावणारा. लाकडी पियानोत दोनशेच्या वर तारा असतात, त्या सैल पडल्या की ताणून सुरात आणायच्या. चाळीस वर्षं हेच केलं. एकदा तार तुटून उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसली, तेव्हापासून ते नख मधोमध चिरलेलं आहे. वाढतं, पण जुळत नाही. नात लहानपणी त्याला बेडकाचं तोंड म्हणायची.

गिऱ्हाइकांकडे गेलो की मी तारांमधे कागदाचा कपटा अडकवायचो. पियानो मधमाशीसारखा गुणगुणायला लागायचा. मग मी कपाळाला आठ्या घालून दहा मिनिटं शोधायचो. अशी माझी मजा. कुणाचं काही गेलं नाही त्यात.

एकदा सोडून.

२

वाद्यांची शाळा चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मास्तरांनी काढलेली. मास्तर गेल्या वर्षी वारले, आता त्यांची मुलगी चालवते. तिला सगळे बाई म्हणतात. मीही म्हणतो, तिला फ्रॉकमधे शेंबूड पुसताना पाहिलेलं असलं तरी.

बाईंचा फोन आला. "काका, बाबांचा पियानो आलाय."

"कुठला? तो तर वाळवीनं खाल्ला."

"कॉम्प्युटरमधे आलाय."

"बरं झालं. तिथं वाळवी लागत नाही."

बाई हसल्या नाहीत. मास्तरांचीच मुलगी.

गेलो. शाळेतल्या त्या जुन्या पियानोची मी वर्षानुवर्षं सेवा केली होती. वाळवीनं तो संपवायच्या आधी मास्तरांनी दोन वर्षं बसून त्याची एकेक पट्टी रेकॉर्ड केली. हळू दाबून, जरा जोरात दाबून, खूप जोरात दाबून. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचं सॉफ्टवेअर बनवलं. आता असं, की शाळेतला डिजिटल पियानो, म्हणजे दिसायला पियानो पण पोटात एक तार नाही, त्याची पट्टी दाबली की वायरीतून निरोप कॉम्प्युटरला जातो आणि तिथून जुना लाकडी पियानो वाजतो. हवं तर डिजिटल पियानोचा स्वतःचा आवाज घ्या, हवं तर मास्तरांच्या पियानोचा.

भानगड एवढीच, की एकाचा आवाज मोठा आणि एकाचा बारीक. आणि रविवारी परीक्षा. माझी नात तिथंच शिकते. तेरा वर्षांची, कान माझा, बोटं आजीची, आणि जीभ कुणाची ते विचारू नका. पास झाली तर मोठ्या संगीत विद्यालयात जागा. त्यासाठी दोन वर्षं तिनं खेळ सोडला, मैत्रिणी सोडल्या. परीक्षा अशी, की पहिला तुकडा डिजिटल पियानोच्या आवाजात, दुसरा मास्तरांच्या, आणि रेकॉर्डिंग पाठवून द्यायचं. दोन्ही आवाज एका मापाचे हवेत. खाली रस्त्यावर हॉर्नचा गोंधळ, म्हणून मुलांनी हेडफोन लावून वाजवायचं.

"हे मला कशाला सांगता?" मी म्हटलं. "मी तारांचा माणूस."

बाईंनी एक चिठ्ठी दिली. मास्तरांचं अक्षर. मी बोट फिरवत वाचली. 'आवाजाची जुळवणी त्याच्याकडूनच करून घे. हेडफोन लावून. घाई करू देऊ नको.'

"त्याच्याकडून म्हणजे माझ्याकडून कशावरून?"

"मागं बघा."

मागं लिहिलं होतं, लाकूडकान्या.

बाई तेव्हा हसल्या. मीही हसलो. पण चिठ्ठी परत देताना तो शब्द खाली जाईल अशी टेबलावर ठेवली.

३

सोमवारी दुपारी एक ते तीन शाळा बंद असते, तेव्हा आम्ही बसलो. मी आणि नात. खोली लहान, भिंतींना करडा गालिचा ठोकलेला, आपलाच श्वास आपल्याला ऐकू येईल अशी. काळा चकचकीत डिजिटल पियानो. त्याच्या झाकणात तोंड दिसतं इतकं पॉलिश. शेजारी कॉम्प्युटर आणि मिक्सर. स्वयंपाकघरातला मिक्सर नव्हे. विटेएवढी काळी पेटी, तिला दोन उभ्या फटी, फटीत वरखाली सरकणारी दोन बटणं. डावं डिजिटल पियानोचं, उजवं कॉम्प्युटरचं. वर सरकवलं की आवाज मोठा.

जुळवायची पद्धत मास्तरांची, आणि ती दोन माणसांची. एकानं हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे. दुसऱ्यानं बटण धरायचं. मधल्या पट्टीवर पन्नास ग्रॅमचं पितळी वजन टाकायचं, काडेपेटी उभी धरून तिच्या उंचीवरून. बोटानं दाबायचं नाही. मास्तर म्हणायचे, हात खोटं बोलतो, वजन बोलत नाही. एकदा ह्याचा आवाज, एकदा त्याचा. ऐकणारा सांगणार, थोडं वर, थोडं खाली. जुळलं की म्हणणार, बास. तोपर्यंत बटणवाल्यानं आपली अक्कल चालवायची नाही. कारण ऐकणाऱ्याचे डोळे बंद असतात आणि कान उघडे. तो पूर्ण तुमच्या हातात असतो.

"आजोबा, झोपलात का?"

"डोळे मिटलेत, कान नाही. टाक."

टण्. डिजिटल पियानो. गुळगुळीत, धुतलेल्या काचेसारखा.

टण्. मास्तरांचा. मी डोळे मिटल्या मिटल्या ओळखला. त्या माझ्या तारा होत्या. मी ताणलेल्या. ती मधली तार किंचित चढी लागायची, कितीही समजावली तरी, ती तशीच चढी होती.

"थोडं वर," मी म्हटलं. "अजून. थोडं खाली. बास. आता पडद्यावर आकडा काय?"

"बारा. पण आधी आडवी रेघ आहे."

"रेघेचं काय?"

"रेघ असली की आकडा जेवढा मोठा तेवढा आवाज कमी."

"म्हणजे तुझ्या बापासारखं. जेवढा मोठा होतोय तेवढं कमी ऐकतो."

ती खुदकन हसली. मला आकड्यांचं काही कळत नाही, म्हणून तिनं नखांच्या लाल रंगाची बाटली काढली आणि बटणाच्या शेजारी, फटीच्या मधोमध, लाल रेघ ओढली. हीच खूण. मग माझा हात धरून ते चिरलेलं नखही रंगवून टाकलं.

"बेडकाला लिपस्टिक," म्हणाली.

मी पुसलं नाही. कशाला पुसू?

४

मंगळवारी एकदा तपासून घ्यावं म्हणून बसलो. बटण लाल रेघेवर. वजन तेच, काडेपेटी तीच. आणि मास्तरांचा आवाज कमी. थोडासाच. तुम्हाला कळला नसता. मला कळला.

"आकडा किती?"

"बाराच. रेघेसकट."

मी बटण वर घेतलं, जुळवलं, दुसरी रेघ ओढायला लावली. बुधवारी त्या दुसऱ्या रेघेवर पुन्हा कमी. तिसरी रेघ ओढली. गुरुवारी पुन्हा.

आता बघा, जन्मभर दुसऱ्याच्या खोड्या काढलेल्या माणसाला पहिलं काय वाटणार? चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, पोरगी माझ्यावर गेलीय, तीच आजोबांना फिरवतेय. मनातून खूशसुद्धा झालो. म्हणून गुरुवारी जाताना फळ्याचा खडू चोळून दोन्ही बटणांवर पांढरी पूड भुरभुरली. कुणी हात लावला तर पूड हलणार, बोटाला लागणार. माझा जुना सापळा. ह्यात मी खुद्द बायकोला पकडलंय.

शुक्रवारी पूड जशीच्या तशी. आकडा तसाच. आणि आवाज अजून खाली.

नातीला हेडफोन दिले. तिनं ऐकलं. "आजोबा, मला दोन्ही सारखे वाटतात."

"नीट ऐक."

"ऐकलं. सारखे आहेत. तुमचा कान लाकडाचा झालाय."

हसत म्हणाली. सहज. तो शब्द तिला कुठून मिळाला ते मी विचारलं नाही. चिठ्ठी बाईंच्या टेबलावर पडलेली असायची, वाचला असेल. तसंच असणार.

म्हणजे कान माझाच जातोय, असं मी स्वतःला समजावलं. वय झालं. पण मग डिजिटल पियानोचा आवाज का कमी येत नव्हता? कान काय माणसं बघून बहिरा होतो?

आणि अजून एक. आवाज जसा खाली जात होता, तसं त्याच्या मागचं काहीतरी वर येत होतं. सूर वाजायच्या आधी, वजन पट्टीला टेकायच्या आधी, एक श्वास. घशात किंचित घरघर असलेला. रेकॉर्ड करताना मास्तरांचाच आला असणार. मी बाईंना तसं म्हणालो. त्या वह्या लावत होत्या.

"शक्य नाही, काका. बाबा प्रत्येक सुराला श्वास रोखून धरायचे. सूर पूर्ण विरेपर्यंत. म्हणून तर दोन वर्षं लागली."

मी खोलीत परत आलो. नात पाणी प्यायला गेली होती. हेडफोन लावले, स्वतःच वजन टाकलं, डोळे मिटले. सूर इतका बारीक, की मी पुढं वाकलो. अगदी वाकलो. दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबले.

"थोडं वर," मास्तर म्हणाले.

५

आता ती गोष्ट सांगायला हवी.

बारा वर्षं झाली. शाळेत पहिला डिजिटल पियानो आला तेव्हाची. त्या आठवड्यात मी लाकडी पियानो लावून दिला होता आणि मास्तरांना एक सूर पटला नाही. वीस-पंचवीस पोरं आणि त्यांचे आईबाप बसलेले. मास्तरांनी तो सूर तीनदा वाजवला, माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "ह्यांचा कान लाकडाचा झालाय. आता हे यंत्र आलंय, ते बेसूर होत नाही. ह्यांनी आता घरी बसावं." सगळे हसले. मीही हसलो. जो दुसऱ्यांना हसतो त्याला हसावंच लागतं.

पण आतून पेटलो होतो. असा पेटलो होतो की रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुळवणी, त्या नव्या यंत्रातल्याच दोन आवाजांची. मास्तर हेडफोन लावून बसले, डोळे मिटले. मी त्यांच्या मागं उभा, बटणावर बोट. मास्तर अगदी बारीक सूर ऐकत होते, मान पुढं वाकवून, एखादं मूल भिंतीला कान लावतं तसं. उजव्या कानावर हात दाबून. ओठ हलले.

"थोडं वर."

मी बटण टोकापर्यंत ढकललं आणि दुसऱ्या हाताचा पंजा, पाचही बोटं, पट्ट्यांवर आपटला.

ओरडतील, उडी मारतील, मग मी म्हणेन, काय मास्तर, लाकडाला तर काही झालं नाही. अशी माझी गंमत ठरली होती.

ते ओरडले नाहीत. हेडफोन काढले, घडी घालावी तसे हळूच टेबलावर ठेवले. उजव्या कानातून एक बारीक लाल धार मानेवर आली. आणि अगदी हळू म्हणाले,

"बास."

मी म्हटलं, "मास्तर, मशीन बिघडलं."

"हो," ते म्हणाले. "मशीनच."

त्या कानानं त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही. मैफली सुटल्या. पोरं कमी झाली. रस्त्यात भेटले की डावा कान माझ्याकडं करायचे, हसायचे. एका शब्दानं बोलले नाहीत. मी समजलो, ह्यांना कळलंच नाही. बारा वर्षं मी त्या समजुतीची उशी करून झोपलो.

६

खोडकराला खोडी वासानं कळते.

शनिवारी सकाळी बूट घालताना माझ्या डोक्यात लख्ख झालं. आवाज खाली, बटण वर. आवाज खाली, बटण वर. पाच दिवसांत लाल रेघा चढत चढत फटीच्या टोकाला पोचल्या होत्या. आता कानावर हेडफोन आहे, बटण टोकाला आहे, ऐकणारा पुढं वाकलाय. अशा वेळी तो बुडालेला आवाज एकदम आपल्या मूळ जागी उडी मारून आला तर?

काय सुरेख रचली होती! मला क्षणभर कौतुकच वाटलं. मग घाम फुटला. कारण रविवारी त्या खुर्चीवर मी बसणार नव्हतो.

धावत शाळेत गेलो. नखाचा रंग उतरवायचं औषध आणि कापूस घेऊन वरच्या सगळ्या रेघा पुसल्या. फक्त सोमवारची मधली रेघ ठेवली, बटण खाली आणून तिच्यावर बसवलं. मग बाईंकडं गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. देवाशपथ. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे:

"बाई, मशीन बिघडलंय."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काल तर तुम्हीच जुळवलं म्हणालात."

"उद्याचं पुढं ढकला."

"काका, रेकॉर्डिंग उद्या गेलं नाही तर तुमच्याच नातीचं वर्ष जाईल. तुमच्या खोड्या आता पुरे हं."

घरी नातीला म्हटलं, "उद्या हेडफोन लावू नकोस."

"मग वाजवू कशी?"

"न ऐकता वाजव."

"बाबा!" तिनं आतल्या खोलीत हाक मारली. "आजोबांनी नवीन काढलंय!"

आतून मुलाचा हसण्याचा आवाज आला. सगळ्या घराला हसू आलं. मीच शिकवलेलं.

७

रविवारी अकराला परीक्षा. मी साडेदहालाच जिना चढायला लागलो. दुसरा मजला, गुडघे माझे, मधे दोनदा थांबलो. वर पोचलो तर बाई दारात, तोंडावर बोट.

"लवकर सुरू केलं, आता रस्ता शांत आहे," त्या कुजबुजल्या. "पहिला तुकडा छान झाला. दुसरा चाललाय."

"बटण कुठंय?"

"तुमच्या खुणेवरच ठेवलंय हो."

दाराच्या फटीतून आत बघितलं. नात पाठमोरी. वेणी, हेडफोन, झुकलेली मान. दुसरा तुकडा अगदी हळुवार. खोलीत आवाज काहीच नाही, नुसती पट्ट्यांची टकटक, दूर कुणी सुपारी कातरतंय तशी. आणि मिक्सरवर उजवं बटण फटीच्या टोकाला. शेजारी लाल रेघ. मी पुसलेली. ओली दिसत होती.

नात पुढं वाकली. अजून वाकली. पट्ट्या दाबता दाबताच तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू यायची गरज नव्हती.

मी आत गेलो. कसा गेलो माहीत नाही, गुडघे आठवत नाहीत. दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरून हेडफोन ओढले. फेकून देता आले असते. पण चाळीस वर्षांची सवय, हातात आवाज आला की कानाला लावायचा. उजवी वाटी उजव्या कानाला लागली.

आत सूर नव्हताच. नुसता श्वास. अगदी जवळ. माझ्याच मानेवर सुटावा तसा.

समोर पियानोचं काळं झाकण. त्यात नात दिसत होती, मी दिसत होतो, माझे दोन्ही हात माझ्या कानाशी. दोन्ही. मी मोजले.

आणि तिच्या खांद्याजवळून एक हात बटणावर आलेला होता. पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं. त्याला लाल रंग नव्हता. माझ्या कानाशी असलेल्या बोटाला होता. त्या बोटाला नव्हता.

"थोडं वर," मास्तर म्हणाले.

बोटानं ढकललं.

८

डॉक्टर म्हणाले, नस मेली. कुठल्या कारखान्यात होता का, असं विचारलं.

नातीला काही झालं नाही. हेडफोन ओढले तरी ती थांबली नव्हती. काहीच ऐकू येत नसताना, शेजारी आजोबा जमिनीवर पडलेला असताना, पोरीनं तो तुकडा पाठ होता तसा शेवटपर्यंत वाजवला. रेकॉर्डिंगमधे धमाका नाही, किंकाळी नाही. बाई म्हणतात, दोन आवाज इतके जुळलेले त्यांनी कधी ऐकले नाहीत. नातीला जागा मिळाली. घरात सगळे नाचले.

मी बाईंना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हळू सांगतोय, पण खालचा चष्मेवाला दुकान सोडून जिन्यात आला होता म्हणे. बाईंनी ऐकून घेतलं. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन बसल्या.

"मला माहीत आहे, काका. बाबा ऐकताना डोळे पूर्ण मिटत नव्हते. झाकणात त्यांना तुमचं नख दिसलं होतं."

"मग बोलले का नाहीत?"

"म्हणायचे, त्याला सांगून काय उपयोग? एक दिवस तो स्वतः ऐकेल."

आणि मग त्या बाईनं, मास्तरांच्या लेकीनं, काय करावं? खूश होऊन तो मिक्सर, ते हेडफोन आणि मास्तरांचा पियानो भरलेला तो कॉम्प्युटर नातीला घरच्या डिजिटल पियानोवर सरावासाठी दिला. बक्षीस म्हणून. चेहरा अगदी सरळ ठेवून दिला. मला अजून कळलेलं नाही, त्यांना काय काय माहीत होतं ते.

मी हेडफोन दोनदा माळ्यावर लपवले. सकाळी पियानोवर. एकदा वायर कापली, तर मुलानं नवी आणली आणि माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

मेलेला कान गप्प असतो असं तुम्हाला वाटत असेल. माझा नाही. सगळं जग डाव्या कानात, आणि उजव्यात एकच माणूस. श्वास घेतो, थांबतो, आणि म्हणतो, थोडं वर. जेवताना, दाढी करताना. एका कानाला एक कान गेला, मापात माप बसलं, असं मला वाटलं होतं. पण 'बास' ते अजून म्हणालेले नाहीत.

म्हणून नात वाजवायला बसली की मी तिच्या मागच्या खुर्चीवर बसतो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवतो. तासभर. ती म्हणते, आजोबा, कोंबडीसारखे काय बसलात, अंडं घालणार का? मी हसतो.

काल तिच्या सरावाआधी मी उजव्या बटणावर खडूची पूड भुरभुरली. मग हात स्वच्छ धुतले आणि त्यांवर बसलो. मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, पण हललो नाही. माझी शपथ कुणी मानत नाही, तरी घेतो. हललो नाही.

अर्ध्या तासानं ती थांबली. हेडफोन मानेवर सरकवून माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली,

"आजोबा, आज मास्तरांचा आवाज जरा कमी येतोय. थोडं वर करू का?"

मी मान हलवून नको म्हटलं. मग उजवा हात मांडीखालून काढला. नखावरचा लाल रंग आता टोकाला तेवढा उरलाय. त्या दोन फाकांच्या मधे, फटीत, पांढरी पूड भरलेली होती.

हा कागद मी मुलाच्या बुटात ठेवतोय. तिथं तो रोज हात घालून बघतो, एवढी एक गोष्ट मी त्याला नीट शिकवलीय. बाळा, ती वाजवत असताना मला त्या खोलीत बसू देऊ नकोस. मी कितीही गोड बोललो, रडलो, तरी नको. बाहेरून कडी घाल.

आणि वाचून हसू नकोस रे.